दमाचा अर्क आणि टाकीच्या एकशे बारा पायऱ्या

मी, वय त्रेपन्न, धंदा मुळ्यापाल्याचे अर्क काढणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मन वळवायला घरात माणसे कमी नाहीत; कोणाचेही ऐकलेले नाही.

१. राहते घर पत्नीला. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माझंच घर मला देताय, मोठे दानशूर." नोंद घेतली आहे.

२. तांब्याचे मोठे पातेले, खलबत्ता व गाळायची फडकी मुलीला. ज्येष्ठमध मंद आचेवर उकळावा. घाईत करपतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच औषधी चव म्हणते.

३. वडिलांचे स्टॉपवॉच मेहुण्याला देऊ नये. त्याने दोनदा मागितले आहे. तो सुटलेल्या बसमागेही धावत नाही.

४. कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा मुलीला. उरलेला अर्धा थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, आहेच. अट एक: दमाच्या अर्काच्या बाटलीवरचे 'थकवा निम्मा, दम दुप्पट' हे शब्द काढावेत. पोरगी लांब पल्ल्याची धावपटू आहे. त्या शब्दांवर विश्वासून स्वतः पिते, मैत्रिणींना पाजते. म्हणून खरे काय ते लिहितो.

वडील धावपटूंना शिकवत आणि त्यांच्यासाठी अर्कही काढत. नवा अर्क उतरला की आम्हा भावांना पाण्याच्या टाकीच्या एकशे बारा पायऱ्या चढवत. सोमवारी नुसत्या, शनिवारी अर्क पिऊन. हाताला गार लोखंडी कठडा, जिभेवर कडू मूळ, आणि खाली वही घेऊन उभे वडील, वरून अंगठ्याएवढे दिसणारे. शनिवारी माझ्या दोन फेऱ्या जास्त होत. आकडा लिहून ते टोपी मागे सरकवत. त्यांचा आनंद तेवढाच, पण तो पाहायला मी सोमवारी दम असूनही आठव्या फेरीला बसत असे. त्या वहीवरून ते शब्द छापले गेले.

दादा शब्द काढू देणार नाही, या भीतीने तीस वर्षे गप्प होतो. परवा सांगून टाकले.

"आठवीला बसायचास?"

"हो."

"गाढवा. मला वाटायचं, अर्क तुलाच लागू पडतोय. तुझी शनिवारची वाढ माझ्यापेक्षा जास्त दिसू नये, म्हणून मी सोमवारी सातवीलाच बसायचो."

बराच वेळ आम्ही दोघेही हसत होतो. मग हसत नव्हतो.

"काढ ते शब्द," तो म्हणाला. "बाबांची वही मात्र मला हवी."

मुलीने हवी तर नव्याने चाचणी घ्यावी. त्यासाठी आमच्यावर जीव नसलेली माणसे निवडावीत.

५. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि दादाला साक्षीदारच व्हायचे आहे. म्हणून वही या कागदात नाही. ती आज सकाळी मी त्याच्या हातात दिली.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही: लिहिणार
साक्षीदार १: थोरला भाऊ
साक्षीदार २: शेजारचे घड्याळजी