ठकीची चित्रं, माझी पद्धत

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. आजपासून रोज नोंद. कारखान्यात माझ्या अपघात-नोंदवहीला फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे टरकून असतात. घरात आजवर वहीच नव्हती, म्हणून घराची ही दशा.

विषय एकच. आमची मुलगी ठकी सात वर्षांची झाली, बोलत नाही. ऐकू येतं, कळतं सगळं, शब्द फुटत नाही. शाळेतल्या स्पीचवाल्या बाईंनी घरी वापरायला बारा चित्रकार्डं दिली आहेत, मागे वेल्क्रो, एका बोर्डावर चिकटवलेली. हवं ते चित्र पट्टीवर लावायचं आणि ज्याला सांगायचंय त्याच्या हातात ती पट्टी द्यायची. झालं बोलणं. बायकोच्या हातात दिवसाला दहा-बारा पट्ट्या पडतात. दूध, बाहेर, मदत. माझ्या हातात सहा महिन्यांत एकही नाही. बायको म्हणते तुम्ही घरी असता कधी. हा काय मुद्दा झाला?

सत्तावीस तारखेला शाळेत आढावा आहे. ठकीला पूर्ण वेळच्या वर्गात घ्यायचं की नाही ते ठरेल. त्या दिवशी ठकी सगळ्यांसमोर, आपणहून, माझ्या हातात पट्टी देणार. मेव्हण्याला फोन करून तसं कळवून टाकलं. तो हं म्हणाला.

संकल्प: रोज एक तास सराव, मी स्वतः. आवाज चढवायचा नाही. तसा मी मुळात शांतच माणूस आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

बाईंची कार्डं बारकाईने तपासली. चित्रांतलं मला कोणी शिकवू नये. कारखान्यात तीनशे बारा सूचनाचित्रं मी लावली आहेत. निसरडी फरशी, उघडी तार, डोक्यावर भार.

चूक लगेच सापडली. नको, थांब, संपलं. बारापैकी तीन कार्डं नुसती नकाराची! एवढ्याशा पोरीच्या हातात एवढा नकार दिल्यावर ती दुसरं काय बोलणार? तिन्ही काढून माळ्यावर टाकली. त्या जागी माझी तीन: कृपया, धन्यवाद, शाब्बास. ‘कृपया’च्या चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आहे. माझ्या संग्रहात तेवढाच माणूस हात पुढे करून उभा होता.

बायको म्हणाली बाईंना विचारून करा. मी हसून सोडून दिलं.

५ सप्टेंबर. संध्याकाळी ७

पहिला सराव. ठकीला दूध हवं होतं. मी पेला माझ्या मागे ठेवला. आधी ‘कृपया’, मग दूध. चाळीस मिनिटं. ती बोर्डावर ‘नको’ची जुनी जागा बोटाने चाचपत राहिली. मी समजावून सांगितलं, ते आता नाही. तिचा हात धरून ‘कृपया’वर ठेवला. तिने माझा अंगठा चावला.

नोंद. दुखापत: उजवा अंगठा, चार दात, रक्त. कारण: भूक. इतर नुकसान: पेला, टीव्हीची काच.

मी अजिबात चिडलो नाही. फ्रिजला फक्त एक बुक्की मारली. तिथला पत्रा पूर्वीपासूनच जरा आत गेलेला असावा.

७ सप्टेंबर, शनिवार

कारखान्यातून चामड्याचे हातमोजे आणले. अंगठा सुरक्षित. ती हातमोज्याच्या वर, कोपराजवळ चावली. शिवाय हातमोजे घालून कार्डंही उचलता येत नाहीत. पट्टी तीनदा खाली पडली, चौथ्यांदा ठकीने ती फेकून मारली, भुवई फुटली.

खुर्ची तुटली ती माझ्याकडून. आपटली म्हणून नव्हे. जुनी होती.

एक निरीक्षण: स्वयंपाकघरात बायकोसोबत असताना ठकी कुणाला मारत नाही, काही फेकत नाही. कारण उघड आहे. तिथे जागा कमी आहे, हात मागे नेता येत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

कारखान्यात भयंकर प्रकार. प्रेसवरच्या एका महाशयांनी यंत्राच्या लाल बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. का, तर चुकून हात लागतो आणि काम सारखं थांबतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलर धरून चाळीस माणसांदेखत गदागदा हलवला. म्हटलं, अरे शहाण्या, माणसाला थांब म्हणायची सोयच ठेवली नाहीस तर उद्या त्याचा हात जाईल. सगळे खाली बघून कामाला लागले. मुद्दा पटलेला दिसला.

दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं की कॉलर धरणं नियमात बसत नाही. नियम मीच लिहिलेत, मला सांगतात.

संध्याकाळचा सराव बारा मिनिटं. ओरबाडे: पाच. शेजारून भिंतीवर ठोकण्याचा आवाज. मीही ठोकलं. प्लास्टर आमच्याच बाजूचं पडलं.

११ सप्टेंबर

बारा कार्डं कमी पडतात हे खरं दुखणं. मी साठ नवीन काढली. शिस्त, सूर्योदय, प्रयत्न, अभिमान वगैरे. लॅमिनेशनवाल्याने कडा वाकड्या कापल्या. मी सौम्य शब्दांत दाखवून दिलं. तो म्हणाला, ‘अभिमान’चं चित्र म्हणून तुम्ही जे काढलंय तो ढेकर देणारा माणूस वाटतो. मग त्याने कात्री उचलली की मी स्टूल, हे नीट आठवत नाही. रांगेतल्या दोन बायकांनी आम्हाला सोडवलं. माझी बाही गेली, त्याचं काउंटर गेलं.

नवं दुकान शोधणे.

१४ सप्टेंबर, शनिवार

बहात्तर चित्रांचा बोर्ड भिंतीवर लावला. भव्य. ठकी बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं भारावली. मग बोर्ड ओढून काढला, गॅलरीत नेला आणि सोडला.

खाली निवृत्त ड्रायव्हर पेपर वाचत बसले होते. डोक्याला टेंगूळ. ते वर आले, तोंडाला येईल ते बोलले, वर म्हणाले पोरीला आवरा. माझ्या मुलीबद्दल कोणी बोललेलं मला खपत नाही. मी त्यांना फक्त जिन्याची दिशा दाखवली. सहा पायऱ्या त्यांनी स्वतःच्या वेगाने उतरल्या.

बायकोने खाली जाऊन माफी मागितली. माझी बाजू मात्र कोणी ऐकत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

मेव्हणा आला. बोर्ड बघितला, विचारलं, यात नको कुठंय? मी पद्धत समजावली. तो म्हणाला, भाऊजी, तिला नको म्हणता येत नाही म्हणून ती चावते. दोन वाक्यांत अक्कल पाजळून मोकळा! हा इसम पडदे विकतो.

मी शांतपणे उठलो आणि टेबलाला लाथ मारली. टेबल लोखंडी. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. ठकी कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळाली. मेव्हणा न जेवता गेला.

१६ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.१५

आज सरावात ठकीने माझा चष्मा ओढून चिरडला. त्या गडबडीत माझा हात तिच्या पाठीला लागला.

लागला म्हणजे ओझरता. दोनदा.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलाखाली जाऊन बसली.

नोंद. दुखापत: नाही. कारण: चष्म्याशिवाय अंतराचा अंदाज चुकला. बायको भाजी आणायला गेली होती. बारीकसारीक गोष्टी सांगून तिचं डोकं उठवायला नको.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नवा चष्मा. तरी हात लागला.

हे मी माझ्यापुरतंच लिहितो आहे. माझे वडीलही कडक होते. मी काय वाईट झालो?

पण परिणाम पाहा. आज एकही वस्तू फुटली नाही, एकही चावा नाही. ठकी सांगितल्या जागी बसली, मी हात धरून ‘कृपया’ लावलं, तिने लावू दिलं. हात अगदी सैल. पद्धत लागू पडते आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सलग तिसरा शांत दिवस. ठकी आता फार चपळ झाली आहे. मी चष्मा सारखा करायला हात वर केला, तर एका क्षणात टेबलाखाली. एवढा वेग आधी नव्हता. बाईंना सांगितलं पाहिजे.

बायकोने आंघोळ घालताना ठकीच्या पाठीवर निळं काही पाहिलं म्हणे. बाहेर येऊन विचारलं. मी म्हटलं शाळेत बाकाची कड लागली असेल, शाळेला पत्र लिहितो. ती काही बोलली नाही. तेव्हापासून बोललेलीच नाही. घरात आता न बोलणारी माणसं दोन. संवाद ठेवायचा तो सगळा मीच.

२३ सप्टेंबर

शाळेला पत्र लिहिलं. बाकांच्या कडा गोल करा, ही माझी अधिकृत सूचना समजा. बायकोने पत्र न्यायला नकार दिला. वहीत ठेवलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ८

उद्या आढावा. मेव्हण्याला आणि सासूबाईंना मुद्दाम बोलावलं आहे, डोळ्यांनी पाहू देत. व्हिडिओ मेव्हणा काढणार. आरशासमोर बसून सराव केला: हात पुढे, तळवा वर, चेहऱ्यावर कौतुक पण जास्त नाही. पट्टी हातात पडल्यावर काय म्हणायचं तेही ठरवलं. थँक यू, बेटा. मग थोडं थांबून बाईंना सांगायचं की यात माझं विशेष काही नाही.

शर्टाला इस्त्री केली. बाही भाजली. इस्त्री फेकली. दुसरा शर्ट.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.१०

निघतो आहोत. आज आवाज चढवायचा नाही.

२७ सप्टेंबर. दुपारी ३.३०

क्रमाने लिहितो.

लहान खोली, बुटकं टेबल. स्पीचवाल्या बाई, वर्गाच्या बाई, मुख्याध्यापक, आम्ही सगळे. मी आणलेला बोर्ड बाईंनी भिंतीला टेकवून ठेवला आणि शाळेची फाइल काढली. चित्रं शंभरच्या वर. म्हणाल्या, ठकी यातली बहुतेक वापरते, चार-चार चित्रांची वाक्यं करते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं.

ठकीने सुरुवातीलाच ‘खिडकी उघड’ लावलं आणि वर्गाच्या बाईंच्या हातात दिलं. बाईंनी खिडकी उघडली. सासूबाईंनी डोळे पुसले. मेव्हणा व्हिडिओ काढत होता. बाई म्हणाल्या, पूर्ण वेळच्या वर्गाचा प्रश्नच नाही, घेतलीच. मी हात पुढे करून बसलो होतो. तळवा वर.

मग बाईंनी ठकीला विचारलं, आज इथे कुणाला काही सांगायचंय का?

ठकीने फाइल उलटली. शोधत बसली नाही, पान तिला पाठ होतं. चार चित्रं काढली, पट्टीवर लावली, एकेक दाबून घट्ट केलं. मग उठली, सगळं टेबल वळसा घालून माझ्यापर्यंत आली आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. कोणी धरलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

बाबा. मार. पाठ. दुखतं.

मी म्हटलं, थँक यू, बेटा. तेच पाठ केलेलं होतं.

तीन चित्रं छापील होती. ‘मार’चं पेन्सिलने काढलेलं. बाई बायकोकडे बघत म्हणाल्या, हा शब्द आमच्या फाइलमध्ये नव्हता. बाई पुढे म्हणाल्या, सतरा तारखेला ठकी माझ्याकडे आली आणि स्वतःच्या पाठीवर थापा मारून दाखवत राहिली. तिला त्याचं चित्र हवं होतं, म्हणून काढून दिलं. आज आढाव्यानंतर हेच बोलायचं होतं.

मी सांगितलं की मुलं खेळतात, चित्रांचा क्रम चुकतो. मुख्याध्यापकांनी मेव्हण्याला सांगितलं मोबाइल बंद करा. मी उठलो. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या वर्गातून कोणीतरी आलं. मेव्हणा माझ्या आणि ठकीच्या मध्ये उभा राहिला. त्याचा हात झटकताना माझा हात त्याच्या तोंडावर बसला. मारला. सगळ्यांदेखत. त्याने उलटून काही केलं नाही, तिथून हलला मात्र नाही.

ठकीला आणि बायकोला सासूबाई घेऊन गेल्या. मी बसने आलो. पट्टी खिशातच राहिली.

२८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी १०

घरात कोणी नाही. बायकोने रात्री फोन उचलला नाही. सकाळी मेव्हण्याने उचलला, म्हणाला दोघी बऱ्या आहेत, इकडे येऊ नका.

आता शाळेतून फोन आला. मला वाटलं समजूत काढतील. स्पीचवाल्या बाई होत्या. म्हणाल्या, काल ती पट्टी तुमच्याकडे राहिली, ती सोमवारी परत हवी, ठकीला ते शब्द लागतात. मी म्हटलं, येतो घेऊन.

त्या म्हणाल्या, तुम्ही येऊ नका. कुणाबरोबर तरी पाठवा.