बोट कधी सरकवायचं

ता. १९ सप्टेंबर, दुपार

चि. ठमूस,

माझ्या वर्गात चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. शेवटच्या बाकावरची जरा मागे रेंगाळायची, त्यामुळे प्रत्येक ओळीला शेपूट फुटायचं. मला त्याची भारी मौज वाटे. त्यात नुसते ओठ हलवणारी किती होती, कधी पाहिलं नाही.

आशीर्वाद आहेतच, पण आज ते द्यायची लाज वाटते. गुडघा बरा आहे. दोन गल्ल्या ओलांडून येऊन बोलता आलं असतं. तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून कागद पुढे ओढला.

परवा तू भिंगरीच्या वाचन-तपासणीचा अहवाल माझ्यापुढे टाकलास. 'वाचन अस्खलित. डिसलेक्सिया नाही.' म्हणालीस, "बघितलंत बाबा? निव्वळ आळस! मास्तरांची नात, आणि पुस्तक दिसलं की हिच्या पोटात दुखतं." आणि तिला धपाटा घातलास. ती माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

ठमे, तो धपाटा माझ्या पाठीवर पडायला हवा होता.

तपासणीत तिला शाळेच्याच पुस्तकातला उतारा दिला. ते पुस्तक तिला अख्खं पाठ आहे. मी करून घेतलंय.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याजवळ बसून नदीची कविता वाचत होती. बोट ओळीखाली, आवाज असा गोड की मी डोळे मिटून ऐकत होतो. पान उलटताना माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली. समोर गाईचा धडा, आणि पोरगी आपली नदीच वाचतेय! बोटसुद्धा सरकतंय. मी म्हणालो, "वा, काय पाठांतर!" आणि गुपचूप पान मागे उलटलं. त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "आजोबा, 'कि'मधली काठी आधी उभी असते ना? मग तिला नंतर का बोलायचं?" मी म्हणालो, "फाटे फोडू नकोस, वाच."

तेव्हापासून प्रत्येक धडा मी तिच्याकडून घोकून घेतला. बोट कधी सरकवायचं, तेही शिकवलं. तिनं विचारलं, "हे लबाडी नाही ना?" मी म्हटलं, "ही आपली गंमत."

का केलं? लोक हसतील म्हणून. वर्गात मी कितीकांना 'ढ' म्हटलं. तेवढं एकच अक्षर त्यांना पक्कं शिकवलं. आपल्या घरातल्या पोरीला कुणी तसं म्हणेल, हे मला सोसेना.

अहवालावर हरकत घ्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे. नाहीतर वाचनात अडणाऱ्या मुलांच्या विशेष वर्गातली तिची जागा जाईल. तपासणी घेणाऱ्या बाईंना सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. म्हणावं, न पाहिलेला उतारा द्या. अर्थ नसलेले शब्द द्या, 'किमटू', 'पिडले' असले. ते कुणाचा आजोबा पाठ करून देणार?

ग्रंथालयातून एक पुस्तिका आणून मीही थोडी खटपट केलीय. ताटात बारीक वाळू: अक्षर बोटानं काढायचं, काढतानाच मोठ्यानं म्हणायचं. पॉलिशपेपरची अक्षरं कापलीत, कडा वाकड्या आल्या. पुठ्ठ्याला एका ओळीपुरती खिडकी पाडली, म्हणजे बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. काना-वेलांट्या लाल, अक्षरं काळी. सगळं खोक्यात भरून ठेवलंय. पण ते विशेष वर्गाच्या बाईंच्या हाती दे. माझ्या हाती पोर पुन्हा देऊ नकोस, असं

दार वाजतंय. थांब.

भिंगरी आलीय. एकटी! शाळेतून घरी न जाता थेट इकडे, बूटसुद्धा न काढता उंबऱ्यात उभी. हातात नवं कोरं पुस्तक. "आजोबा, उद्या वर्गात नवा धडा वाचायचाय. पटकन पाठ करून द्या ना. आईला नका सांगू."

"नाही" म्हटलं. पहिल्यांदाच. रडली, मग डोळे पुसून माझ्या कोपराशी आली. "काय लिहिताय?" विचारतेय. या पानावर तिचं नाव आहे. त्याच्यावर नजर फिरवून ती माझ्या तोंडाकडे बघतेय.

आता हे तिला पहिल्यापासून वाचून दाखवतो, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. मग दोघं तुझ्याकडे येतो. ओरडायचं ते मला ओरड, तिच्यादेखत.

तुझा गुन्हेगार,
बाबा