पुकारूनही गैरहजर

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! साजगावच्या घरात दादाची पोरं वरून खाली उड्या मारणार, पप्पा कारखान्यातून रात्रपाळी करून आले की सगळ्यांनी चिडीचूप बसायचं. त्यात अभ्यास म्हणजे नुसती चेष्टा. आता कळंबच्या रस्त्याला अख्खा बंगला, नाव 'त्र्यंबकस्मृती', आणि आत मी एकटी. मालक अण्णा नेरळला राहतात, सत्तरीचे, बोलायला अगदी साखर. शनिवार-रविवारचे पाहुणेसुद्धा इथे टिकत नाहीत म्हणे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

न्यायाधीशाची पूर्व परीक्षा झालीय, मुख्य डिसेंबरात आहे. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, तेव्हा ही शेवटचीच उडी. खालापूरला ज्यांच्या हाताखाली मी वकिली करते ते अजेय सर म्हणाले, हर्षला, कायदा तुला येतो, हात तेवढा चालव. पेपर हातानेच लिहायचे असतात. चालवते की!

अण्णांनी जाताना एकच अट घातली, दिवसा अंगणात मोठ्याने कोणाला हाका मारू नका. बाजूचे रिसॉर्टवाले डीजे लावून नाचतात ते चालतं आणि माझा आवाज खुपतो काय? हो हो म्हटलं आणि सोडून दिलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्वयंपाकाला डोंगराखालच्या वाडीवरून ललिता येते. माझ्याच वयाची आणि फटकळ, म्हणून आमचं लगेच जमलं.

आज निकालपत्र लिहायचा सराव केला. सरांची पद्धत अशी, की आधी पुकारा करायचा. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून करतो तसा, तीनदा, खणखणीत. मग पक्षकार डोळ्यांसमोर येतात आणि लिहायला जोर चढतो. फक्त नावं खोटी घ्यायची. मी ललिताला म्हटलं, तुमच्याकडचं एखादं जुनं नाव सांग गं, आता कोणी ठेवत नाही असं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. मग तिने सांगितलं, शुक्रा नागू.

झकास! दावा जमिनीच्या ताब्याचा, प्रतिवादी शुक्रा नागू. ओटीवर उभी राहिले आणि अंगणाकडे तोंड करून तीनदा पुकारलं. पलीकडच्या शेतात भात झोडत होते, ते लोक एकदम थांबून माझ्याकडे बघायला लागले. बघा म्हटलं, साहेब होणारी बाई बघून घ्या. आत येऊन ठोकून दिलं: वारंवार पुकारूनही प्रतिवादी गैरहजर, सबब दावा एकतर्फी मंजूर. खाली लफ्फेदार सही केली. काय मस्त वाटलं म्हणून सांगू!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी, कोर्ट भरायच्या वेळेला, अंगणात कोणीतरी खोकलं. बघते तर पायरीशी एक म्हातारा. वहाणा काढून हातात धरलेल्या, अंगाला कोळशाचा वास. कोण पाहिजे विचारलं तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत असल्यासारखा. पाणी आणायला आत गेले, बाहेर आले तरी तसाच उभा. दुपारी जेवायच्या सुट्टीत दिसेनासा झाला आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा तिथेच. संध्याकाळी मी चांगली खडसावली, की इथे काय काम आहे तुझं? तो माझ्या डोळ्यांदेखत उभ्या जागी विरून गेला. उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली असणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

काल आला नाही, आजही नाही. सुटले म्हणत पुस्तक उघडलं आणि मग डोक्यात आलं, काल दुसरा शनिवार होता. कोर्टाला सुट्टी.

पाणी पिऊन परत बसले. घाबरायला मला वेळ नाही, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा अर्धा राहिलाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तो काल आला, आजही आलाय. आता ओटीवर उभा असतो. 

अण्णांना फोन केला. ते स्कूटरवर आले, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेनात. नाव कोणतं पुकारलंत असं विचारलं, मी सांगितलं, तर चेहरा पांढराफटक. मग सगळं बाहेर आलं. ही जमीन शुक्रा नागूची. अण्णांचे वडील त्र्यंबक गोविंद यांनी दावा लावला तेव्हा तो घाटावर कोळसा पाडायला गेला होता. समन्स त्याच्या दाराला डकवल्याचा अहवाल झाला, तीनदा पुकारा झाला आणि दावा एकतर्फी मंजूर. तो धावत आला तोवर उशीर झाला होता. आपलं नाव पुन्हा पुकारतील म्हणून रोज कोर्टाच्या वेळेला अंगणात उभा राहायचा, आणि एके दिवशी तिथेच गेला.

अण्णा हात जोडून म्हणाले, सगळं कायदेशीर झालंय, तो कागद फाडा आणि आजच घरी जा. मला असली चीड आली! कायदेशीर म्हणे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ललिताला धरलं. शुक्रा तिच्या नवऱ्याचा आजा. नाव मुद्दाम सांगितलंस ना गं, विचारलं, तर मान खाली न घालता म्हणाली, "व्हय ताई. त्याला परत कुनी हाकच नाय मारली. तुमी मारली." मी हाक मारून पुन्हा गैरहजर लिहिलं, हे तिला कसं सांगू?

मग वकिलासारखं विचारलं, शुक्राच्या खोपटाला दार कसलं होतं? ती हसलीच. कुडाचं खोपट, दार कुठलं, गोणपाट लावायचे, घरचे अजून सांगतात.

दारच नव्हतं! मग समन्स डकवलं कशावर? म्हणजे बजावणीच खोटी. एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो, पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल. मी ओटीवर जाऊन त्याला म्हटलं, आजोबा, तुमचं ऐकते. पण दुसऱ्या बाजूलाही बोलवावं लागतं. नाहीतर मीही एकतर्फी निकाल देणारीच ठरेन.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वादी त्र्यंबक गोविंद. तीनदा पुकारलं.

तो अंगणात आला नाही. मागे वळले तर आत, माझ्याच खुर्चीत. पांढरं धोतर, अत्तराचा वास. अण्णांसारखाच गोड आवाज. पोरी, म्हणाला, दावा मंजूर लिही. परीक्षा तुझी, खुर्ची तुझी. नाहीतर तुझा हात माझा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लिहायला बसले. 'हुकूमनामा रद्द' लिहायचं ठरवलं आणि हाताने लिहिलं, दावा मंजूर. खोडलं. पुन्हा तेच. अक्षर माझं नाही, जुनं, तिरकं.

बाकी काहीही लिहा, हात सुरळीत. या एका वाक्यापाशी बोटं गार पडतात. करंगळी कालच बधिर झाली. आज तिच्या शेजारचं.

ललिता रडली. "जावा ताई तुमी. परीक्षा हाय तुमची. तो उभाच हाय इतकी वर्षं, आनखी राहील." मीही रडले. मला परीक्षा हवीय गं. फार हवीय.

पण एक ओळ खोटी लिहून न्यायाधीश व्हायचं? त्यापेक्षा भजी तळीन.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उजवा हात मनगटापर्यंत मेला, हे डाव्याने खरडतेय. टाचणी टोचून बघितली — काही नाही. पेपर आता —

जाऊ दे.

तो खुर्चीतून उठलाय. अत्तराचा वास अगदी मानेशी. अजून सही कर म्हणतो, हात परत देतो म्हणतो.

नाही करत जा.

शुक्राला उंबऱ्याच्या आत बोलावलं. पहिल्यांदाच आत आला. वहाणा खाली ठेवा म्हटलं, ठेवल्या.

निकाल इथेच, डाव्याच हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण माझं. खांद्यावर त्र्यंबकचा हात — गार — दंडातून खाली —

लवकर.

प्रतिवादी हजर. समन्सची बजावणी झालेली नाही. सबब एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यात ये—