डॉक्टर बोकानेग्रांचा कोट

३ ऑगस्ट २०११, बोगोता
पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं! नायिबे म्हणाली, "बोकानेग्रा? ते आमच्या बसस्टॉपचं नाव ना?" १९६२ साली आमच्या गावच्या चौकात भाषण करताना मारलेला पुढारी — आणि हिच्यासाठी बसस्टॉप.

"झालं, बाईंचा तास सुरू!" एल्किन म्हणाला. वर्गात हेच दोघे माझे मित्र.

सरकार म्हणतं, समोरच्या गर्दीतल्या एका वेड्याने गोळी घातली. आजोबा म्हणायचे, गोळी मागून आली, छातीतून बाहेर पडली — आणि मागे फक्त अंगरक्षक होते. शवविच्छेदनाचा कागद तर हरवलाच. शाळेआधी आजोबांनी मला वाचायला शिकवलं ते याच खटल्याच्या कात्रणांवरून. तरी सांगताना खात्री वाटत नाही. मी थोडंच पाहिलंय?

६ ऑगस्ट
आज वर्गात आणखी कोणीतरी बोकानेग्रांबद्दल विचारलं. टाळलं. दमले.

१० ऑगस्ट
एल्किनच्या हट्टाने तिघं संग्रहालयात गेलो. काचेत बोकानेग्रांचा करडा कोट, गोळी लागली तेव्हाचा. छातीवर भोक. मागच्या आरशात पाठ दिसते — धड, एकही भोक नाही!

"काय गं, आजोबांची गोळी कॉलरमधून शिरली का?"

"राहू दे रे, रडेल ती," नायिबे म्हणाली.

रडले नाही. दोघांसमोर कबूल केलं — आजोबा चुकले. चूक कबूल करायची, हेही त्यांनीच शिकवलेलं. पण घरी आल्यावर वाटलं, गेलेल्या माणसाला मी खोटं पाडलं. ते आता उत्तरही देऊ शकत नाहीत.

१४ ऑगस्ट, रविवार
आजीला फोन केला. कोटाचं सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग — "पाठीला भोक होतं, पोरी. मी रफू केलं."

आमच्याकडे नऊ दिवसांची प्रार्थना झाली की गेलेल्याचे कपडे धुऊन, सांधून गरिबाला देतात. फाटकं दिलं तर आत्मा उघडा फिरतो म्हणे. गावात रफू करणारी आजीच. पाठ झाली, आणि छातीचं करायच्या आत कोट परत मागवला.

"तुझ्या आजोबांना ठाऊक होतं. पुरावा बुजवल्याबद्दल मला तुरुंगात टाकतील म्हणून जन्मभर हे एवढं सोडून सगळं बोलले."

मित्रांना सांगितलं तर आजीचं नाव येणार. नाही सांगितलं तर आजोबा खोटे. जेवले नाही.

१५ ऑगस्ट
आजीचाच फोन आला. "सांग त्या पोरांना. माझं नाव घेऊन सांग. या वयात मला कोण धरून नेतंय!"

नीट सांगायचं म्हणून विचारलं — कोट बोकानेग्रांच्या बायकोने पाठवला होता ना?

"छे! ती बिचारी शुद्धीवर कुठे होती? त्यांचा अंगरक्षक घेऊन आला, खुनाच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाला, पाठ आधी करा."