डलासची फायनल आणि रूपसिंगची सुट्टी

९ जून २००६, शुक्रवार. सकाळी ९.४०
पहिली मॅच आपली. डलास ९०, मायामी ८०. सातातल्या चार जिंकाच्या हायेत. एक झाली. अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी फायनल, आपल्याकडे सकाळी दिसते, आणि घाटंजीत कोणाले पत्ता नाही. बसस्टँडवर दोघाले सांगितलं. एकानं विचारलं, कापसाचं काही निघालं काय.

डलास आपली टीम कशी, हे लोकं विचारतात. चार वर्षांआधी बाजारात जुन्या कपड्याच्या ढिगातून निळी बनियन घेतली. छातीवर घोड्याचं तोंड. नंतर टीव्हीवर तेच तोंड दिसलं. असे योगायोग नसतात.

बायको, शबाना, म्हणाली, दुकानाचं काय? म्हटलं, जूनमध्ये फवारणीचे पंप दुरुस्तीले कोणी आणत नाही, लोकं बियाण्याच्या लाईनीत उभे हायेत. मोटारीचं रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या तारेचे आटे नव्यानं भराचं काम, आलं तर रूपसिंग हाय. अकरा वर्षांपासून तोच दुकान उघडून राह्यला.

संकल्प: उद्यापासून नऊच्या ठोक्याले दुकानात. (मॅच नसन त्या दिवशी.)

१० जून, शनिवार
सव्वाअकराले पोचलो. डलासच्या बेंचवरच्या राखीव गड्यायचा विचार करता करता उशीर झाला. मालक लोकायनं बारावा गडी कायले ठेवला, ते अजून लक्षात येत नाही.

रूपसिंग म्हणाला, थोडं बोलाचं होतं. म्हटलं, फायनल झाल्यावर. त्यानं विचारलं, कधी संपते? म्हटलं, डलास खेळून राह्यली, लवकरच संपन.

नंतर वाटलं, यानं तारीख कायले विचारली? याले बास्केटबॉलशी काय देणंघेणं?

१२ जून, सोमवार. सकाळी ९.२०
९९-८५. दोन-शून्य. आता फक्त औपचारिकता. साजिद केबलवाल्याले सांगून ठेवलं, चौथी मॅच झाली की साऱ्या गल्लीले पेढे. तो हसला. सरळ हसला नाही. हसण्यात काहीतरी होतं. मायामीचा माणूस असू शकतो. चॅनलची तार त्याच्या हातात हाय, हे विसरून चालणार नाही.

दुपारी रूपसिंग बसस्टँडजवळ एका अनोळखी माणसाशी बोलत होता. मले पाह्यल्यावर दोघंही गप्प. त्या माणसाच्या हातात पिशवी. पिशवीत काय, दिसलं नाही.

१४ जून, बुधवार. सकाळी १०
घात झाला.

डलास तेरा पॉइंटनं पुढं. सहा मिनिटं बाकी. आणि लाईट गेली.

लोडशेडिंगचा टाईम माझ्या भिंतीवर लिहिलेला हाय. त्यात ही वेळ नाही. तसाच बनियनवर लाईनमन नागोरावकडे गेलो. म्हटलं, आजच काहून? तो म्हणाला, वरून बंद केली. म्हटलं, वरून म्हणजे कोण? तो म्हणाला, वरून म्हणजे वरून. मी विचारलं, वरच्या लोकायले मायामीत काही इंटरेस्ट हाय का? नागोराव शिडी उचलून निघून गेला. निर्दोष माणूस उत्तर देते.

साजिदकडे जनरेटर हाय. तो म्हणतो, मायामी ९८, डलास ९६. तेरा पॉइंट सहा मिनिटात कसे जातात? साजिदवर भरवसा नाही. छापील पुरावा पाह्यजे.

१५ जून, गुरुवार
हिंदी पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळी. ९८-९६. म्हणजे साजिद यावेळेस खरं बोलला. कायले बोलला असन?

रूपसिंग परत म्हणाला, बोलाचं होतं. म्हटलं, ही वेळ हाय का? त्याले बुधवारची सुट्टी पाह्यजे. नेमकी बुधवारची. सहावी मॅच बुधवारी हाय.

१६ जून, शुक्रवार
७४-९८. चोवीस पॉइंटनं हरलो. सकाळभर लाईट एक मिनिटही गेली नाही. आज मुद्दाम चालू ठेवली.

दोन-दोन. घाबराचं कारण नाही. नवीन माणूस घाबरते. मी चार वर्षांपासून पाहून राह्यलो.

दुकानात गेलो तर रूपसिंगच्या खिशातून कागद डोकावत होता. गोल शिक्का. शिक्क्यात 'बोरी अरब', दारव्ह्याकडचं गाव. आता समजलं. बसस्टँडवरचा माणूस, बुधवारची सुट्टी, बोरी अरबचा शिक्का. तिकडे फायनलवर सट्टा चालू हाय. आणि माझ्या दुकानातला माणूस मायामीवर लावून बसला. मी रोज त्याच्यासमोर टीमचं बोलतो, ते सारं तिकडे जात असन.

संकल्प: रूपसिंगसमोर डलासबद्दल एक शब्द नाही.

१८ जून, रविवार
लाईटवर विसंबून राहाचं नाही, असं ठरवलं. दुकानात एकाचं ट्रॅक्टर उभं हाय, त्याची बॅटरी बिनकामाचीच पडली हाय. इन्व्हर्टर जोडला की झालं. जोडणी मले येते, पण वेळ लागतो. म्हणून रूपसिंगले सांगितलं. तो म्हणाला, सकाळी सहाले घरी येतो. एकदम तयार. एवढा मदतीचा माणूस म्हणजे त्याले काहीतरी पाह्यजे. वर्षभर तो असाच मदत करते, पण आज खटकलं.

१९ जून, सोमवार. सकाळी १०.३०
रूपसिंग पावणेसहाले आला. सात मिनिटात जोडणी. शबानानं चहा दिला. तो गेला नाही, भिंतीले टेकून बसला. मी संकल्प पाळला, चांगले दहा मिनिटं गप्प बसलो.

मग त्यानं विचारलं, दोन वर्षांआधी डलासनं आपला एक मोठा गडी सोडला म्हणता ना तुम्ही? काहून सोडला?

या प्रश्नावर कोणीही बोललं असतं. मी त्याले समजावून सांगितलं. म्हटलं, मालकाले वाटते हा इथंच हाय, हा कुठं जाते. तो दुसऱ्या टीमकडे गेला, तिथं लागोपाठ दोनदा साऱ्यात भारी खेळाडू ठरला. जवळचा माणूस मालकाले दिसत नाही, ही मॅनेजमेंटची जुनी बिमारी. मी असतो तर त्याले जाऊच दिलं नसतं.

रूपसिंग मान हलवत होता. म्हणाला, हो. ते बरोबर हाय तुमचं.

लाईट नव्हतीच, टीव्ही बॅटरीवर. मॅच बरोबरीत. एक्स्ट्रा टाईम. डलास एक पॉइंटनं पुढं, काही सेकंद बाकी, आणि बॅटरी संपली. रूपसिंग उठून तारा पाहू लागला. मी त्याले हात लावू दिला नाही. मी तारा उलट्या जोडल्या. इन्व्हर्टरमधून धूर निघाला.

साजिदकडून समजलं, १०१-१००. मायामी.

बॅटरी चार्ज करून आणाचं काम रूपसिंगचं होतं. त्यानं केली होती का? तो म्हणते, रात्रीच केली होती, पण शबानाभाभीनं बॅटरीवरच मिक्सर लावला. शबाना म्हणते, हो, चटणी केली. दोघं एकमेकाले सांभाळून घेतात.

२१ जून, बुधवार. सकाळी ११.३०
९५-९२. संपलं. दोन-शून्यवरून चार-दोन.

ठरवलं, आज सोक्षमोक्ष. दुकानात गेलो. रूपसिंग सुट्टीवर असन, असं वाटलं होतं. तो होता. पाने-पकडी साइझप्रमाणे लावलेले, फरशी पुसलेली, टेबलावर किल्ल्या. त्यानं नवीन शर्ट घातला होता.

मी म्हटलं, मले सगळं मालूम हाय. बोरी अरबचा कागद दाखव. किती लावले मायामीवर?

त्याले कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो हसलाही नाही. खिशातून कागद काढला. म्हणाला, पोरीच्या नव्या शाळेचा प्रवेशाचा कागद हाय, रहेमानभाई. तिकडच्या शाळेनं शिक्का मारून दिला, आज इकडच्या शाळेतून नाव काढाचं हाय, म्हणून बुधवार मागितला. साळ्यानं बोरी अरबले दुकान टाकलं, पाटीवर त्याचं अन् माहं, दोघायचं नाव. बसस्टँडवर भेटला तो साळाच. पंधरा दिवसापासून तुमाले सांगाचं होतं.

मी म्हटलं, अकरा वर्षांत असं कोणी जाते का? मी तुले काय कमी केलं? घरच्या माणसासारखा ठेवला.

रूपसिंगनं कागदाची घडी केली.

"रहेमानभाई, त्या टीमचे बाराच्या बारा गडी तुमाले पाठ हायेत," तो म्हणाला. "माह्या पोरीचं नाव सांगा."

मी विचार केला. सांगणारच होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून राह्यलं.

(गिऱ्हाईक आलं नव्हतं. इथं तरी खरं लिहाले काय हरकत हाय.)

दुपारी ३
शबानाले विचारलं. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. दिपाली. सातवी पास झाली. वर्गात दुसरी. ईदले दरवर्षी बापासंगं येते, शीरखुर्मा नेते. म्हटलं, मी कुठं असतो तेव्हा? म्हणे, इथंच.

२२ जून, गुरुवार. सकाळी ९
रूपसिंगची दारव्ह्याची बस साडेसातची, तिथून पुढं बोरी अरब. सहालेच बसस्टँडवर गेलो. मनात पूर्ण भाषण तयार होतं. पाटीवर तुझंही नाव टाकतो, रंगारी उद्याच बोलावतो, असं. रूपसिंगची बायको दोन पेट्या अन् एक गाठोडं घेऊन बसली होती. रूपसिंग तिकिटाची चौकशी कराले गेला होता. पोरगी उभी होती. दोन वेण्या.

म्हटलं, दिपाली.

तिनं वर पाह्यलं. म्हणाली, तुम्ही रहेमानकाका ना? तुमची घोड्याची टीम जिंकली काय?

मले पह्यले संशय आला, इले टीमचं कोणी सांगितलं. मग लक्षात आलं. बाप रोज रात्री घरी जाऊन माझंच बोलत असन. दुसरं कोण सांगणार.

म्हटलं, हरली. ती म्हणाली, बाबा म्हणे तुमाले लई वाईट वाटन.

रूपसिंग आला. पाटीचं बोललो नाही. पेट्या टपावर चढवाले हात लावला. एक पेटी माझ्या हातातून सुटली, त्यानंच धरली.

बस गेली. दुकान आज बरोबर पावणेनऊले उघडलं. एक मोटर आली हाय, वाइंडिंग जळालेली. किती आट्याची, ते रूपसिंगले पाठ राहे; कुठंच लिहिलेलं नाही.