धुऱ्याची पात

७ जानेवारी, मंगळवार

उपाशीपोटी साखर १६८. डाक्टरनं रोज लिवाले सांगतली म्हून मयुरीनं ही वही आणून देली. साखर तं एका ओळीत झाली! बाकीचं पान काय कोरं सोडू? मी तिसरी शिकेल बाई हावो, पण लिवता येते. लिवतो.

मयुरी माही नात, इंद्रभानची मोठी पोरगी. बुलढाण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स हाये, तीन वर्षं झाले, लेकरांच्या वार्डात. देऊळघाटाहून रोज ऑटोनं जाते. आज आली तं तोंड उतरेल.

"काय झालं वं?"

"काही नाही आजी. आज बी बाण होता."

बाण म्हंजे असं — सकाळी फळ्यावर सगळ्या नर्सांची नावं राह्यतेत. ज्या वार्डात बाया कमी, तिथं दुसऱ्या वार्डातली धाडतेत. तिच्या नावापुढं खडूनं बाण काढतेत. महिन्याचे सात दिवस झाले अन पाच बाण मयुरीले! तिलेच काऊन? तं लगन नाही, लेकरू नाही, घाई नाही अन तोंड नाही.

तोंड नाही? माह्या नातीले? थांबा म्हणा!

९ जानेवारी, गुरुवार

साखर १५९. आज बाण ऑपरेशनवाल्या बायांच्या वार्डात. तिथल्या पोरी म्हणे, "आल्या पाहुण्या! चला, चादरी बदला." कपाटाची किल्ली कुठं, पट्ट्या कुठं, कोणी सांगेना. इचारलं तं म्हणे, "डोळे हायेत ना?" अन संध्याकाळी आपल्या वार्डात गेली तं तिथल्या म्हणे, "तू आली मजा मारून, इथं आमचे हात तुटले." दोन्हीकडून शिव्या. पाहुणीले निदान पाणी तरी इचारतेत. हिले तेही नाही.

मी म्हटलं, "तू काय म्हटलं?" म्हणे, "काय म्हणू?" घ्या!

११ जानेवारी, शनिवार

साखर पाह्यली नाही. डोकं जाग्यावर नव्हतं.

आज बाण आयसीयूत. जिथं माणूस नळ्यांवर राह्यते तिथं. तिथली मुख्य संजीवनी सिस्टर. तिनं मयुरीले कोपऱ्यातले दोन पेशंट देले, भिताडाजवळचे, सगळ्यात जड. एका म्हाताऱ्याले औषध मशीनमधून थेंब थेंब जाऊन राह्यलं होतं. ती मशीन मयुरीनं कधी हातात धरली नाही. लेकरांच्या वार्डात नाहीच ती! मशीन कोकलाले लागली. हिनं हाका मारल्या. एकीनं मान वर केली अन परत खाली घातली. तिसऱ्या हाकेले संजीवनी आली, एक बटन दाबलं, मशीन गप्प. म्हणे, "एवढंही येत नाही?" अन तिथंच तिसरा पेशंट हिच्या नावावर टाकला.

तवा मयुरी बोलली. पह्यल्यांदा बोलली! "सिस्टर, मले मशीन येत नाही. कोणी सोबत द्या, मंग घेतो. एकटी नाही घेणार."

म्हातारा बरा हाये. त्याले तं कायबी समजलं नाही. पण पोरगी घरी आली तं भाकर दोनदा हातातून पडली.

मी म्हटलं, शाब्बास!

१३ जानेवारी, सोमवार

साखर १७७. दवाखान्यानं कागद देला. तीन डाव वाचला मी. 'कामास नकार दिल्याबद्दल शुक्रवारपर्यंत लेखी माफी सादर करावी, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.' मराठी आपलीच, पण अशी लिवेल का जसा कोणी दात खाऊन राह्यला!

इंद्रभान म्हणे, "लिवून दे ना बाप्पा. कागदच तं हाये."

मी म्हटलं, "आपल्या सात पिढ्यात कोणी माफी लिवून देली नाही."

तो म्हणे, "लिवाले येत नव्हतं म्हून!"

मयुरी खदखदा हासली. तीन दिवसांत पह्यल्यांदा. बापाले तेवढं माफ.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ खाल्ला नाही. (खाल्ला. दोन.) गोड बोला म्हणे. मी नाही बोलत.

१५ जानेवारी, बुधवार

साखर २१२. तीळगूळच तो.

रातीच्या भाकरीवर मयुरीचं रडगाणं — "आजी, त्याईचंही खरं हाये. तेरा पेशंट, दोन पोरी सुट्टीवर. मले शिकवाले येळ कुठून आणतीन?"

मंग मी सांगतलं. एकोणीस वर्षं निंदनाच्या, म्हंजे शेतातलं तण काढाच्या, टोळीची मुकादमीण होती मी. तीस-तीस बाया माह्या हाताखाली. दुसऱ्या गावची बाई टोळीत आली का तिले मधातली पात द्याची. पात म्हंजे जेवढी लाईन एका बाईनं निंदत न्याची तेवढी. तिच्या इकडं एक पक्की बाई, तिकडं एक पक्की बाई. ती मागं पडली का दोघी दोन हात तिच्या पातीत मारतेत. पाह्यता पाह्यता शिकते, येळ लागत नाही. अन धुऱ्याची पात, शेवटची, बांधाजवळची — तिथं हराळी, काटे, इच्चू — ती मुकादमिनीनं सोता धराची. पाहुणीले कधी द्याची नाही!

मयुरी खाणं सोडून पाह्यत राह्यली. "आजी, खरंच असं होतं?"

"मंग काय खोटं सांगतो?"

तिनं माफी लिवली नाही. लिवलं — 'मी काम नाकारले नाही. सोबत मागितली.' अन त्याच्याखाली माही मधातली पात लिवली! मी म्हटलं, सही ठासून कर.

१७ जानेवारी, शुक्रवार

साखर १८१. दुपारपासून दारात बसली होती. सहाचा ऑटो आला अन मयुरी उतरली. नोकरी राह्यली!!

जसं तिनं सांगतलं तसं लिवतो. मेट्रन मॅडमनं, सगळ्या नर्सांची मोठी ती, कागद वाचला. म्हणे, "ही माफी नाही." मयुरी म्हणे, "नाही मॅडम." "आणि हे शेताचं काय लिहिलंय? कुणी शिकवलं?" "माह्या आजीनं. देऊळघाटले मुकादमीण होती."

संजीवनी सिस्टर बाजूलेच बसेल. ती म्हणे, "देऊळघाट? तानाबाई?"

"हाव."

तं ती हासली म्हणे. मोठ्यानं. मेट्रन पाह्यतच राह्यली. मंग हासू थांबलं अन ती म्हणे, "मॅडम, पोरीनं सोबत मागतली होती. मी देली नाही. नकार नव्हता तो. कागद मागं घ्या."

झालं! मेट्रननं कागद मागं घेतला. पुढच्या महिन्यापासून बाणही पाळीनं, सगळ्याईले सारखा.

पण जिन्यात संजीवनीनं मयुरीले थांबवलं. म्हणे, "तुह्या आजीले एक इचार. आशाबाईले कोणती पात देत होती?"

मयुरीनं इचारलं. मी म्हटलं, "कोण आशाबाई? शंभर बाया होत्या."

१८ जानेवारी, शनिवार

साखर २०१. लिवाचं काही नाही.

२० जानेवारी, सोमवार

साखर १९४. तीळगूळ संपून पाच दिवस झाले. तरी.

आशाबाई लोणारकडची. नवरा गेला तशी इथं बहिणीकडं आली, पदराले एक पोरगी. मले चांगली आठवते. कमी बोले. माह्या टोळीतल्या बाया म्हणत, ही बाहेरची, आपल्या पोटावर आली. मी मुकादमीण — मी काय म्हणाले पाहिजे होतं? मी तिले धुऱ्याची पात देली. एक दिवस नाही, दोन हंगाम. माह्या बाया खूश तं टोळी खूश. ती रोज मागं पडे. आम्ही बाभळीखाली भाकर सोडून बसलो का ती अजून वाकेलच. एकदा इच्चू चावला तं मी म्हटलं, "नाटक करते." पोरगी होती धुऱ्यावर बसेल, पाच-सहा वर्षांची. पाह्यत होती माह्याकडं.

संजीवनी असन ती. असन काय, हायेच.

मधातल्या पातीचा नियम खोटा नाही! माह्या मायनं शिकवला होता. मायच्या टोळीत होता तो. माह्या टोळीत नव्हता.

मयुरीले हे सांगतलं नाही. कायले सांगू? पोरीची नोकरी वाचली त्या नियमानं.

२३ जानेवारी, गुरुवार

साखर १७०. मयुरीले परत आयसीयूचा बाण होता. मी म्हटलं, आता संजीवनी घेते सूड! तं नाही. संजीवनीनं तिले मधातले पेशंट देले. इकडं एक जुनी सिस्टर, तिकडं एक. सोता उभी राहून ती मशीन लावाले शिकवली, दोनदा. कोपऱ्यातले जड पेशंट संजीवनीनं आपल्या नावावर घेतले. मयुरी इतकी खूश! म्हणे, "आजी, सिस्टर सगळ्याईले सांगून राह्यली, हा तानाबाईचा नियम हाये."

टोमणा हाये. टोमणाच असन. मी असती तं टोमणाच मारला असता.

मंग मी मयुरीले सगळं सांगतलं. तिनं ताट उचललं, धुतलं अन माह्याजवळ येऊन बसली. मले कोणी जवळ बसेल आवडत नाही. उठ म्हटलं, तरी बसली.

२६ जानेवारी, रविवार

साखर १६२. याच वहीचं एक पान फाडून मी माफी लिवली. कोणी लिव म्हटलं नव्हतं. पाच ओळी, खाली सही, ठासून. ऑटोनं एकटी बुलढाण्याले गेली. आशाबाई संजीवनीकडंच राह्यते, मयुरीनं इचारून आणलं होतं. दारात उभं राहून आशाबाईच्या हातात कागद देला. तिनं तो उलटा धरला अन पाह्यत राह्यली. तिले वाचता येत नाही.

मंग तोंडानंच म्हणा लागलं.