नावाडी चौथ्या अध्यायात बोलतो

मी, सुनेत्रा विजय खानझोडे, वय चौसष्ट, बँकेतून निवृत्त, मूळची यवतमाळची, राहणार वैशाली नगर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला स्वतःला अलीकडे फारसे काही वाटत नाही. पण व्यवहार कळतो, माणसे ओळखू येतात, आणि कायद्याला तेवढे पुरते. वकीलसाहेब हिंदीत लिहा म्हणाले होते. मी मराठीतच लिहिते, भाषांतर ते करून घेतील.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात निम्मा वाटा माझा मुलगा अभिजित याचा होता. चौमूंहून परत येताना सीकर रस्त्यावर तो अपघातात गेला. माझे पती त्याच्या आधीच गेले होते.

१. राहता फ्लॅट, ठेवी आणि दागिने माझी मुलगी कीर्ती हिला द्यावेत. ती बंगळुरूला असते. फ्लॅट विकायचा असेल तर तिने खुशाल विकावा. याचे वाईट वाटायला हवे, एवढे मला कळते.

२. माझे मोठे दीर नंदकिशोर यांना काहीही देऊ नये. अभिजितच्या तेराव्यानंतर मी आतल्या खोलीत पडून होते. तेव्हा त्यांनी कबाडीवाल्याला बोलावून अभिजितच्या खेळाची पुस्तके, नकाशे, फासे, सगळे वजनावर देऊन टाकले. एवढा नोकरीला लागलेला मुलगा राक्षस मारायचे खेळ खेळत होता, घरात ते नको, असे त्यांचे म्हणणे. कीर्ती तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही. त्या दिवसांत कोणालाच काही सुचत नव्हते, म्हणून तिला दोष देत नाही. भाऊजींना देते.

३. ‘धुक्यातला किल्ला’ हे पुस्तक आणि नवे फासे मयूरीला द्यावेत. मयूरी ही अभिजितची मैत्रीण, जगतपुऱ्याच्या एका कॉलेजात शिकवते. हे एक पुस्तक तिने वाचायला नेले होते, म्हणून तेवढे उरले.

खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. जमले की नाही ते फासे ठरवतात. छापील पुस्तकात सगळी मोहीम दिलेली असते. गोष्ट अभिजित सांगायचा, दर रविवारी, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. तो गेल्यावर मयूरी पुस्तक परत करायला आली आणि उठेना. शेवटी म्हणाली, “काकू, मोहीम अर्धीच राहिलीय. तुम्ही सांगाल का?”

मी हो म्हटले आणि आधी ते वाचून काढले. बँकेत मी तपासणी खात्यात होते, त्यामुळे त्यातल्या उणिवा लगेच दिसल्या. नकाशात तळघर आहे, पण खाली जायला जिना नाही. पहारेकऱ्याशी भांडायचेच, असे धरून लिहिले आहे. कोणी त्याच्याशी नीट बोलले तर पुढे काय, ते दिलेले नाही. जिला सोडवायला सगळे निघतात त्या राजकन्येच्या तोंडी एक वाक्य नाही. खेळणाऱ्याचे पात्र मेले तर काय करावे, यावर एवढ्या जाड पुस्तकात एकच ओळ आहे: पुढच्या सराईत नवा सोबती भेटेल. ती ओळ मी कधी वाचून दाखवली नाही. मयूरीनेही दाखवू नये.

सर्वांत मोठी चूक नावाड्याची. दुसऱ्या अध्यायात तो पुरात बुडतो. चौथ्यात तोच घाटावर बसून वाट सांगतो. लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहिले नाही. मी जसे छापले होते तसे वाचले. रणजीत, अभिजितच्या ऑफिसातला मित्र, जयपुरातच वाढलेला, चाचरत म्हणाला, “काकू, मतलब, हा तर मेला होता ना?”

मी म्हटले, “हो.”

आणि पुढची ओळ वाचली. थोड्या वेळाने मयूरीने नावाड्याला विचारले, पाणी फार गार होते का. पुस्तकात उत्तर नव्हते. मी म्हटले, “नव्हतं गार.” मग त्यांनी त्याला बरेच काही विचारले आणि मी उत्तरे देत राहिले. बोलता बोलता चहा गार झाला. ही चूक पुस्तकात दुरुस्त करू नये, या अटीवर ते मयूरीला देत आहे.

४. जेवणाचे टेबल रणजीतच्या नावे लिहिणार होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब म्हणाले. रणजीत म्हणाला, टेबल नको, सही करतो. म्हणून त्याला काही ठेवलेले नाही.

५. माझ्यामागे दिवस करू नयेत. देह मेडिकल कॉलेजला द्यावा.

६. वरचा मजकूर काल कीर्तीला फोनवर वाचून दाखवला. फ्लॅटबद्दल ती काही बोलली नाही. तिसरे कलम तिने पुन्हा वाचायला सांगितले. मग म्हणाली, “आई, मी आले तर मला खेळायला घेशील?” मी ये म्हटले. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, ते गाळा, असे वकीलसाहेबांचे मत पडले. मी गाळलेले नाही. ती पुढच्या रविवारी येते आहे. तिला कोण व्हायचे आहे, ते तिने अजून सांगितलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: सुनेत्रा विजय खानझोडे

साक्षीदार:
१. रणजीत देवधर, मानसरोवर, जयपूर
२. डॉ. इंदुमती सबनीस, शेजारी, वैशाली नगर, जयपूर

जयपूर, रविवार, ९ मार्च २०२५